पोरं कुणाची?

20 ऑगस्ट 2024 रोजी बदलापूर स्टेशनच्या रुळांवर माणसं उतरली आणि दिवसभर लोकल हलली नाही. शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. ती नोंदवून घेतली जावी म्हणून पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं. लोकांचा संताप खरा होता आणि रास्तही होता. मागणी मात्र एकच होती: फाशी द्या, आणि इथंच द्या. महिन्याभरानं अटकेतला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा काही ठिकाणी पेढे वाटले गेले. त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही. पेढे खाणाऱ्यांना त्याचं वैषम्य नव्हतं.

या सगळ्या धुरळ्यात एक साधी गोष्ट वर आली आणि लगेच बुडाली. 10 मार्च 2022 रोजी राज्याच्या शिक्षण विभागानं शासन निर्णय काढून शाळाशाळांत ‘सखी सावित्री समिती’ नेमायला सांगितलं होतं. मुलींची सुरक्षितता, तक्रार, समुपदेशन यांकडे लक्ष देणारी समिती. बदलापूरनंतर तपासणी सुरू झाली तेव्हा अनेक शाळांत अशी समितीच नसल्याचं उघड झालं. अडीच वर्षं एकाही पालकसभेनं तिची चौकशी केली नव्हती, असं मी म्हणणार नाही; पण ती नाही म्हणून कुणी लोकल अडवल्याचंही मला आठवत नाही. समितीची बैठक कंटाळवाणी असते. फाशीची घोषणा देताना छाती भरून येते.

गुन्हा घडला की आपण पहिलं काम करतो ते गुन्हेगाराला समाजाच्या बाहेर काढून ठेवण्याचं. नराधम, लांडगा, विकृत. म्हणजे तो आपल्यातला नव्हताच, कुठून तरी आला होता. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वर्षानुवर्षांचे आकडे वेगळंच सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत 100 पैकी 95 हून अधिक वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक, लग्नाचं वचन दिलेला. आणि घराच्या आत? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या चार बायकांपैकी एकीनं नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसली आहे. हे सगळे लांडगे कुठल्या जंगलातून येतात? ते आपल्या पंक्तीत जेवतात, आपल्या मंडळाची पावती फाडतात, आपल्या पोरीच्या लग्नात मांडव घालतात.

मुलगी मात्र सगळ्यांची असते. तिचं बोलणं, चालणं, तिचा फोन, ती किती वाजता घरी आली, हा भावकीचा, गल्लीचा, गावाचा विषय. पोरगा गुन्हा करीपर्यंत लाडका असतो आणि गुन्हा केला की कुणाचाच नसतो. या लेखाचा विषय तो पोरगा आहे, आणि तो कुणी घडवला हा प्रश्न आहे.

1990 साली उल्हासनगरमध्ये दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून एका मुलीला पेट्रोल ओतून जाळलं गेलं. 1998 साली सांगलीत भर रस्त्यात एका विद्यार्थिनीला भोसकून मारलं गेलं. फेब्रुवारी 2020 मध्ये हिंगणघाटला कॉलेजात निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल ओतलं गेलं आणि आठवड्याभरात ती गेली. तिन्ही वेळा महाराष्ट्र हळहळला, मोर्चे निघाले, विधानसभेत आवाज चढले. मधल्या 30 वर्षांत मुलींना स्वसंरक्षणाचे वर्ग मिळाले, दामिनी पथकं आली, हेल्पलाइनचे नंबर आले. मुलांना काय मिळालं? उल्हासनगरचा मारेकरी एकटा आला नव्हता, बरोबर साथीदार होते. असा बेत एका रात्रीत शिजत नाही. मागं लागणं, अडवणं, धमकावणं हे आठवडेच्या आठवडे चालतं, आणि बरोबरच्या पोरांना ते ठाऊक असतं. नाक्यावर त्याची चर्चा होते. ‘भाई, सोडू नको तिला’ असं कुणी म्हणतं, कुणी नुसतं हसतं. ‘ती नाही म्हणालीय ना, मग बास झालं, घरी चल’ असं म्हणणारा एक पोरगा त्या टोळक्यात असता, तर या तिघींपैकी एखादी आज आपल्या मुलांचा अभ्यास घेत बसली असती. तसा पोरगा तयार करण्याचं काम आपण कुणावर सोपवलं होतं? कुणावरच नाही.

समाज तरुणांसाठी काही करत नाही, ही तक्रार खोटी आहे. समाज तरुणांसाठी भरपूर करतो, रोज करतो, आणि त्यावर पाण्यासारखा पैसा ओततो. दहीहंडीला लाखांची बक्षिसं लागतात. नगरसेवकाच्या वाढदिवसाला टेनिस बॉल क्रिकेटचे सामने होतात आणि मालिकावीराला मोटरसायकल मिळते. गणपतीत दहा दिवस मांडव असतो, ढोलपथकाचा सराव दोन महिने आधी सुरू होतो, कोल्हापूर-सांगलीकडे प्रत्येक पेठेची तालीम असते, निवडणूक आली की बाईक रॅलीला पेट्रोल आणि रात्रीची सोय असते. वस्तीतला सोळा ते पंचवीस वयाचा जवळजवळ प्रत्येक पोरगा यातल्या कुठल्या तरी दोरीला बांधलेला असतो. त्याला तिथं वडीलधारे भेटतात, शिस्त भेटते, ‘आपली पोरं’ भेटतात. एवढी मोठी, गावोगाव पसरलेली, फुकट चालणारी शाळा जगात फार थोड्या समाजांकडे असेल.

त्या शाळेत काय शिकवलं जातं? मिरवणुकीत डीजेवर कुठलं गाणं लागलं की पोरं चेकाळतात ते मंडळाच्या अध्यक्षाला नीट माहीत असतं, आणि तेच गाणं तो लावतो. मिरवणूक बघायला आलेल्या बायकांच्या गर्दीत कुणाचे हात कुठं जातात, तेही त्याला माहीत असतं. त्यावर उपाय म्हणून बायकांना दोरीच्या पलीकडे उभं करतात. महिलांसाठी वेगळा कार्यक्रम हवा ना, मग पाककला स्पर्धा आणि हळदीकुंकू. मंडळाच्या कार्यकारिणीत बाई नाही. नाक्यावर पोरगी पटवणं हा पराक्रम, तिनं नकार देणं हा अपमान, आणि अपमान गिळणारा बायल्या. जो मागं हटतो त्याची टिंगल, जो हटत नाही त्याला ‘डेअरिंगबाज’ ही पदवी. हा अभ्यासक्रम कुणी लिहून काढलेला नाही, पण त्याची परीक्षा प्रत्येक पोरगा देतो.

इथं एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. 1890 साली कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली आणि त्यातून 1891 चा संमतीवयाचा कायदा आला. वय दहावरून बारावर नेलं, एवढाच काय तो बदल. त्यावर पुण्यात केवढा गदारोळ झाला! टिळकांनी परक्या सरकारनं आपल्या घरात ढवळाढवळ करू नये म्हणून विरोध केला, आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. दोनच वर्षांनी, 1893 पासून, सार्वजनिक गणेशोत्सवाची लाट उठली. आपण मांडव उचलला आणि गेली सव्वाशेहून अधिक वर्षं तो वाढवत नेला. संमती हा विषय मात्र त्या मांडवात कधी येऊ दिला नाही. देशभक्तीपासून वारकऱ्यांच्या देखाव्यापर्यंत सगळं आलं. बाईच्या ‘नाही’ला मान द्यावा, असा देखावा मी अजून शोधतो आहे.

घराचा हिशोब याहून अवघड, कारण तिथं आरोपी म्हणून आपल्यालाच उभं राहावं लागतं. भाऊ जेवून उठतो आणि ताट तिथंच राहतं. ते बहीण उचलते. बहिणीनं उशीर केला तर जाब, भावानं केला तर ‘आला का राजा’. बाप आईवर हात उचलतो तेव्हा आजी खोलीचं दार लोटून घेते आणि नातवाला टीव्ही लावून देते. त्या नातवाला टीव्हीच्या आवाजातूनही सगळं ऐकू येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच देशातल्या 100 पैकी सुमारे 45 बायकांनी आणि जवळजवळ तितक्याच पुरुषांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य मानलं. बायकांचा हा आकडा पुढे करून ‘बघा, त्यांनाच चालतं’ म्हणणारे विद्वान मला भेटतात. मार खाऊन जगायचं असेल तर मारालाच न्याय म्हणावं लागतं, एवढंही त्यांना कळत नसेल, तर त्यांच्या पदव्यांचा उपयोग काय!

आणि खरी शाळा? 2007 साली महाराष्ट्रानं शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घातली. संस्कृती बुडते म्हणून. एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे पुढारी या एका गोष्टीवर एकत्र आले. ज्या पोरांना शिक्षकानं शरीर, संमती, नकार यांबद्दल दोन शब्द सांगायचे होते, त्या पोरांच्या हातात पुढच्या दहा वर्षांत स्वस्त डेटाचा मोबाइल आला. आता ती पोरं काय बघून शिकतात याची सगळ्यांना कल्पना आहे, आणि संस्कृतिरक्षकांना तर सर्वांत आधी आहे. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले अंगावर घेतले, खिसा रिकामा केला. त्यांच्या नावानं परिसंवाद घेणारं राज्य त्यांचा विषय वर्गाबाहेर ठेवतं. बदलापूर प्रकरणाची स्वतःहून दखल घेताना मुंबई उच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की मुलींना वाचवायचं असेल तर मुलांना शिकवा. शिक्षण खात्याला हे न्यायमूर्तींकडून ऐकावं लागावं, ही शरमेची गोष्ट आहे.

हे काम करता येतं का? येतं, आणि याच महाराष्ट्रात करून दाखवलेलं आहे. 1991 साली सी. वाय. गोपीनाथ या पत्रकारानं वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात दिली. बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत, असा तिचा आशय. 205 जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या काहींनी 1993 मध्ये मुंबईत ‘मावा’ ही संघटना काढली: पुरुषांनी पुरुषांमध्ये करायचं काम. हरीश सदानी आणि त्यांचे साथी आजही ते करतात. 2006 पासून त्यांनी ‘युवा मैत्री’ या नावानं पुण्यापासून कॉलेजच्या मुलांचे गट बांधायला घेतले. पद्धत साधी आहे, म्हणूनच चिकाटीची आहे. थोडी मुलं निवडायची, त्यांना निवासी शिबिरात न्यायचं, आणि तिथं आधी त्यांनाच बोलू द्यायचं. पुरुष म्हणून कशाची भीती वाटते, बापाशी कसं नातं आहे, पहिला नकार मिळाला तेव्हा काय झालं. मग तीच मुलं आपल्या कॉलेजात आणि वस्तीत पथनाट्य, भित्तिपत्रक, गप्पांच्या बैठका घेतात.

मुंबईत कोरो ही संघटना, टाटा समाजविज्ञान संस्था आणि एका संशोधन संस्थेनं 2008 पासून महापालिकेच्या शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर वर्गातले तास घेतले. खेळ, चित्रं, वादविवाद. घरकाम कुणी करायचं, मारणं म्हणजे काय, चिडवणं आणि छळणं यांत फरक कुठं आहे. ‘परिवर्तन’ नावाच्या दुसऱ्या उपक्रमात तर क्रिकेटच्या कोचलाच हाताशी धरलं. पोरगा बापाचं ऐकत नाही, मास्तरचं ऐकत नाही, पण कोचचं ऐकतो, कारण संघात घ्यायचं की नाही ते कोच ठरवतो. सराव संपला की पाच-दहा मिनिटं गोल करून बसायचं आणि एकाच गोष्टीवर बोलायचं. आज शिवीगाळीवर, पुढच्या खेपेला मुलीचा फोटो फिरवण्यावर. यात उपदेश कमी आणि तालीम जास्त. एका दुपारच्या व्याख्यानानं, टाळ्यांनी आणि सामूहिक शपथेनं काही होत नाही. सगळ्या शाळा मात्र तेवढंच करतात, कारण त्याचा फोटो छान येतो.

हे उपक्रम का वाढले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. मुख्याध्यापक म्हणतात, पोर्शन राहिलाय. पालक म्हणतात, आमचा मुलगा तसला नाही. देणगीदारांचा प्रकल्प तीन वर्षांचा असतो आणि पोरगा चौथ्या वर्षी वयात येतो. संस्थांचाही दोष आहे; काहींना वस्तीतल्या पोरापेक्षा अहवालातला तक्ता जवळचा वाटतो. पण मूळ कारण हे की, मुलांबरोबर करायच्या कामाला समाजात मान नाही. मुलींना सायकली वाटल्या तर पुढाऱ्याचा फोटो छापून येतो. मुलांना ‘नकार पचव’ असं शिकवलं तर मतं वाढत नाहीत.

सगळ्यांत धाडसाचं काम मात्र कुठल्याही निधीशिवाय झालं. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री नववधूची कौमार्य चाचणी घेण्याची आणि दुसऱ्या दिवशी पंचांसमोर तिचा निकाल सांगण्याची रीत होती. 2017 च्या अखेरीस त्याच समाजातल्या शिकलेल्या काही मुलामुलींनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट बांधून तिच्याविरुद्ध उघड बोलायला सुरुवात केली. जानेवारी 2018 मध्ये पिंपरीत एका लग्नात त्यांच्यातल्या तरुणांना मारहाण झाली. बहिष्काराच्या धमक्या आल्या. तरी त्यांनी माघार घेतली नाही. त्यांच्यातल्या एका जोडप्यानं चाचणीला साफ नकार देऊन लग्न केलं. 2019 मध्ये राज्य सरकारला जाहीर करावं लागलं की ही चाचणी लैंगिक अत्याचार मानली जाईल. ज्या वयाच्या पोरांना आपण ‘वाया गेलेली पिढी’ म्हणतो, त्यांनी हे केलं. आणि शेकडो वर्षांची सभ्यता सांगणारे पांढरपेशे लोक आजही स्थळ बघताना ‘मुलीचं आधी कुठं काही नव्हतं ना’ हे हळूच विचारून घेतात. रीत तीच, फक्त पंच घरातले.

आता जिच्यावर बेतलं तिच्याकडे वळू. तिच्या बाबतीत आपला गुन्हा अधिक थंडपणे केलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनंच सांगितलं की हिंसा सोसलेल्या 100 बायकांपैकी साधारण 14 जणींनीच कुणाकडे मदत मागितली, आणि 77 जणी कुणाशी एक अक्षरही बोलल्या नाहीत. का बोलाव्यात? बोललं की पहिला प्रश्न येतो, तू तिथं गेलीस कशाला? दुसरा, आता तुझ्या बहिणीचं लग्न कसं होणार? मग मामा येतो, सरपंच येतो, ‘प्रकरण मिटवून टाका’ म्हणतो. कधी कधी अत्याचार करणाऱ्याशीच लग्न लावून देण्याचा तोडगा निघतो आणि त्याला माणुसकी म्हणतात.

याच मातीत 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या, गरोदर राहिलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. कुणी नाव विचारणार नाही. काशीबाई नावाच्या विधवेला अशाच बाळाचा जीव घेतल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि तिला त्या अवस्थेला आणणारा मोकळा होता, हे त्यांना सहन झालं नाही. 29 ऑगस्ट 1868 च्या पत्रात सावित्रीबाई नायगावहून जोतीरावांना एक हकीगत कळवतात. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी. ती गरोदर. गाव दोघांनाही मारायला निघालेलं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचं भय घालून जमाव थांबवला आणि दोघांना पुण्याला पाठवून दिलं. जमावात घुसून जीव वाचवणं, मग सुरक्षित जागी पोचवणं आणि पुढं सांभाळणं, हे सगळं एकाच बाईनं केलं होतं. आज आपण दर 3 जानेवारीला तिच्या तसबिरीला हार घालतो, आणि जमाव जमला की मोबाइल काढून व्हिडिओ करतो.

वस्तीतल्या तरुणाला सावित्रीबाईंइतकं धैर्य नसेल. पण त्याला काही गोष्टी ठाऊक असल्या तरी एखाद्या बाईचा निम्मा मार वाचतो. गुन्हा कुठंही घडला असला तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याला बलात्कारपीडितेवर तातडीनं आणि मोफत उपचार करावे लागतात. आधी एफआयआर आणा, असं म्हणता येत नाही. दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये पुन्हा एकदा बेकायदा ठरवली आहे. तिचं नाव, फोटो, घराचा पत्ता फिरवणं हा गुन्हा आहे, मग तो श्रद्धांजलीच्या बॅनरवर का असेना. 181 हा महिलांसाठीचा नंबर आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी ‘दिलासा’ केंद्र उघडलं. जळालेली, पडलेली म्हणून येणारी बाई खरी कशी जखमी झाली, हे दवाखान्यातच विचारावं, ही त्यामागची कल्पना. जिल्ह्याजिल्ह्यांत पीडित बायकांसाठीची ‘सखी’ केंद्रं आहेत. 2013 पासून पीडितांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजना आहे. पण हे सगळं तिला सांगणार कोण? दारू पिऊन नवरा मारत असताना शेजारच्या घरात जागा असलेला बावीस वर्षांचा पोरगा. त्याला उठून फक्त दार वाजवायचं असतं, साखर मागायला का होईना. तेवढ्यानं हात थांबतो. मग दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं किंवा बहिणीनं तिच्याकडे जायचं, ‘मी आहे’ म्हणायचं, आणि काय करायचं ते तिलाच ठरवू द्यायचं. हे शिकवायला एक महिना पुरे.

एक गुंता मात्र नाकारून चालणार नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलीवरचा अत्याचार कळला तर तो पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं. लहान मुलांसाठी हे हवंच होतं. पण सतरा वर्षांची मुलगी आणि तिचा प्रियकर पळून गेले की मुलीचा बाप, विशेषतः जात वेगळी असेल तर, याच कायद्याचा दांडका करतो. तरुणांच्या गटातल्या कार्यकर्त्याकडे मुलगी विश्वासानं येते आणि तो कात्रीत सापडतो. अशा वेळी त्याला सल्ला देणारा वकील, समुपदेशक हाताशी हवा. नुसता उत्साह पोरांच्या अंगाशी येतो आणि मुलीच्याही.

जातीचं नाव निघालंच आहे, तर तेही बोलून टाकू. सप्टेंबर 2006 मध्ये खैरलांजीत एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावानं हाल करून मारलं. जुलै 2016 मध्ये कोपर्डीत मराठा समाजातल्या शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. दोन्ही ठिकाणी माणुसकीला काळिमा फासला गेला. पण खैरलांजीसाठी कोण रस्त्यावर उतरलं आणि कोपर्डीसाठी कोण, हे आठवून पाहा. आपला संतापही जातीचा दाखला तपासून मगच बाहेर पडतो. चंद्रपूर भागातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, त्या मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये पोलिसांना सोडलं, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका उभ्या राहिल्या, 1983 मध्ये कायदा बदलला. जंगलातली एक मुलगी नसती, तर शहरातल्या मुलींना आजचा कायदा लाभला नसता. तरुणांच्या कुठल्याही गटात ही बाराखडी पहिल्या दिवशी शिकवली पाहिजे, नाहीतर ती पोरं ‘आपल्या’ मुलींचे राखणदार बनतील. राखणदार आणि पहारेकरी आपल्याकडे उदंड आहेत. मुलीला कुणाबरोबर पाहिलं ते तिच्या घरी आधी तेच कळवतात.

मग पैसा कुठून आणायचा, असं विचारतील. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला 10 टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा, असा राज्यात नियम आहे. त्यातून शिलाई मशीन येतात, अंगणवाडीच्या खुर्च्या येतात, कधी काहीच येत नाही. मुलगे हीसुद्धा बालकंच आहेत. पाककला स्पर्धेच्या मिक्सरइतक्या किमतीत वीस पोरांचा गट वर्षभर चालतो. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळानं फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक मोठ्या आवाजात मंजूर केलं. त्याचा कायदा झाला नाही. त्याच सभागृहानं प्रत्येक तालुक्याला दोन प्रशिक्षित युवा मार्गदर्शकांचा पगार मंजूर केला असता, तर त्याला राष्ट्रपतींची सही लागली नसती.

तेव्हा वाचकहो, मेणबत्त्या पुरेत. या आठवड्यात आपल्या मुलाच्या शाळेत जा आणि सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारा. पुढच्या ग्रामसभेत 10 टक्क्यांचा हिशोब मागा आणि त्यातले पैसे मुलांच्या गटाला द्या, असा ठराव मांडा. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की पावती फाडण्याआधी त्यांना सांगा, यंदा कार्यकारिणीत निम्म्या बायका आणि सरावानंतर रोज दहा मिनिटांची बैठक, मगच वर्गणी. ती पोरं हसतील, एखादा उलट बोलेल. बोलू द्या. पोरं आपलीच आहेत.